शेताचा तळ

उशिरोदानी,
९ नोव्हेंबर १९८३

इकुएताई,

सहा किलोमीटरवर राहणाऱ्या बहिणीला हा माणूस पत्र का टाकतोय, असं पोस्टातल्या बाईला वाटणार. वाटू दे. फोन केला की तू माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला तर मी फक्त घसा साफ केला होता. सायकल मारून यावं म्हटलं, तर तुझ्या सासूबाई दारात बसलेल्या असणार, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडी लागायची माझी छाती नाही. तेव्हा पत्र.

तसं खास काही नाही. एक गंमत झाली, ती कळवतो.

आमच्या भट्टीमागच्या टेकडीवर सप्टेंबरपासून खणणं चाललंय. चारशे वर्षांपूर्वीची जुनी भट्टी सापडलीये म्हणे. सापडलीये म्हणजे काय, ती तिथे आहे हे आपल्याला माहीतच होतं. लहानपणी तिच्या खापरांच्या ढिगावरून आपण घसरत खाली यायचो, आणि चड्डी फाटली म्हणून मार मी एकटाच खायचो. आता सरकारने कुसाका नावाच्या एक बाई पाठवल्यात. वय अठ्ठावीस, जाड चष्मा, बोलण्यात फार नम्र. त्या दोऱ्या बांधून जमिनीचे चौकोन पाडतात आणि कुंचल्याने माती झाडतात. पन्नास मीटर लांबीची भट्टी निघालीये. त्या काळी अख्ख्या गावाची मिळून एकच भट्टी असायची, म्हणून प्रत्येक घर आपल्या भांड्यांच्या बुडाला आपली खूण ओरखडायचं. कुणाची फुली, कुणाचा पंखा, कुणाच्या नुसत्या दोन रेघा. नाहीतर भट्टी उघडल्यावर मारामारीच व्हायची. कुसाकाबाईंनी अशा एकवीस खुणा गोळा केल्यात.

तर गंमत अशी. गेल्या आठवड्यात ढिगाच्या एका कोपऱ्यात, दीड मीटर खाली, त्यांना एक निराळाच गट मिळाला. वाटण वाटायच्या कुंड्या, चाळीसेक. सगळ्या फुगलेल्या, तडकलेल्या, रंगाने काळ्या-जांभळ्या. एकीच्याही बुडाला खूण नाही. आणि माती अशी, की ती ना टेकडीची, ना भाताच्या शेताखालची. बाई हरखून गेल्यात. त्यांचं म्हणणं, गावाने वाळीत टाकलेलं एखादं घराणं असणार. त्यांना धड माती मिळत नसेल, खूण करायचा हक्कही नसेल. आमच्या ओट्यावर चहा घेताना त्यांनी मला विचारलं, जुन्या माणसांकडून असं काही कानावर आलंय का. मी म्हटलं, नाही बुवा. आमची फुजिए किटली हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.

अकरा डिसेंबरला शाळेच्या सभागृहात त्या हे सगळं गावापुढे वाचणार आहेत. मला पहिल्या रांगेत बसायचंय, ज्येष्ठ कारागीर म्हणून.

बाकी ठीक. तुमच्याकडे यंदा घुशींचा उपद्रव कसा आहे?

तुझा,
तामेझो


उशिरोदानी,
२७ नोव्हेंबर १९८३

ताई,

मागच्या पत्राच्या शेवटी मी घुशींची चौकशी केली. ते वाचून तू पत्र चुलीत घातलं असशील तर तुझं काही चुकलं नाही. फुजिएला मी ती ओळ वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "खोटंच बोलायचं तर निदान नवीन तरी बोला."

घुशी नव्हत्या. यंदा असतील-नसतील, सतरा वर्षांपूर्वी नव्हत्या.

क्रमाने लिहितो. तुला माहीत असलेलंही लिहितो, कारण माहीत नसलेलं त्याच्याच मध्ये दडवलंय.

१९६६ च्या डिसेंबरात, कापणी झाल्यावर, तुमच्या देवळाजवळच्या शेतातून आम्ही माती काढली. आपल्या भांड्यांची माती भाताच्या शेताखालीच लागते, दोन माणूस खोल, त्याला कुणाचा इलाज नाही. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. तुझ्या सासऱ्यांनी शेत दिलं ते तुझ्याकडे बघून, एक पैसा न घेता, आणि एकाच अटीवर: जसं होतं तसं परत भरायचं. म्हणजे वरची काळी माती एका बाजूला काढायची, तिच्याखालचा तळ दुसऱ्या बाजूला रचायचा, आणि भरताना सगळं उलट्या क्रमाने. तळ म्हणजे तो वीतभर जाडीचा घट्ट थर. कित्येक पिढ्यांच्या बैलांनी आणि माणसांनी तुडवून तुडवून झालेला. तो आहे म्हणून शेत पाणी धरतं. हे शेतकऱ्याच्या पोराला कळतं, आणि कुंभाराच्याही.

खड्डा वीस पावलं लांब, दहा पावलं रुंद घेतला होता. खाली चांगली माती हातभर जाडीची लागेल असं वाटलं होतं, लागली चार बोटं. बारा दिवस खणून चार बोटं. आणि इकडे खड्ड्याच्या कडेला तो तळ रचलेला. निळसर काळा, फावड्याने कापला की लोण्यासारखा कापला जायचा. मी एक गोळा घेऊन मळला. वळी करून बोटाला गुंडाळली, तर चिरली नाही. माझी मती फिरली. वाटलं, शेताला काय, माती ती माती. दुसरं काहीतरी दाबून भरलं की कुणाला कळणार. तू बांधावर नव्हतीस. मी तळ गाड्यांत भरून घरी पाठवला आणि त्याच्या जागी टेकडीचा मुरूम टाकला. वर काळी माती पसरली. दिसायला झकास दिसत होतं.

मी तुमच्या शेताचा तळ चोरला, ताई. फुजिएने 'चोरला'ऐवजी दुसरा एक बरा शब्द सुचवला होता. मी तो घेतला नाही.

पुढच्या जूनमध्ये पाणी सोडलं ते तीन दिवसांत गडप. मी म्हटलं, घुशी. तुझ्या सासऱ्यांनी दोन हिवाळे बांध उकरून घुशी शोधल्या. एक सापडली नाही, तरी मी आपला घुशीच म्हणत राहिलो. मग तुमच्या घरात टोमणे सुरू झाले. कुंभाराची पोर घरात आणली आणि तिचं माहेर आपलं शेत पिऊन बसलं. हे मला फुजिएच्या मावशीकडून कळायचं. ती तुमच्याच आळीत राहते आणि तिच्या पोटात काही राहत नाही. मी कानांवर हात ठेवले. गिइचीभाऊजी गेले तेव्हा मी स्मशानातून परस्पर घरी आलो, तुझ्यापुढे उभं राहावं लागू नये म्हणून. तुला वाटलं असेल भावाला माया नाही. माया होती, तोंड नव्हतं.

आणि त्या तळाचं झालं काय, तेही ऐक. दोन वर्षं मुरवला. त्याच्या चाळीस कुंड्या केल्या, भट्टीत अगदी मधल्या, चांगल्या जागी रचल्या. दहा दिवस लाल पाइनची लाकडं जाळली. उघडून बघतो तर एकूण एक फुगलेली. पाणी अडवणारी माती आग सोसेलच असं नाही, हे मला तेव्हा कळलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. बाबांनी विचारलं तर काय सांगू म्हणून, एकोणसत्तरच्या नवीन वर्षाच्या सकाळी, सगळा गाव देवळात गेलेला असताना, मी त्या नेऊन जुन्या भट्टीच्या ढिगावर फेकल्या. पुढे शहात्तरच्या वादळात तिथे दरड आली आणि चारशे वर्षांची खापरं त्यांच्या वर येऊन बसली. कुसाकाबाईंचं वाळीत टाकलेलं घराणं ते हेच.

काल मी बाईंना सांगून टाकलं. त्यांनी त्या घराण्यावर अकरा पानं लिहिली होती. त्यांनी ती पानं माझ्यासमोर नीट जुळवली, क्लिप लावली आणि बाजूला ठेवली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग ही माती नक्की कुठली?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीच्या शेताचा तळ." त्यांनी ते पेन्सिलने लिहून घेतलं. मग चष्मा काढून विचारलं, "बहिणीला ठाऊक आहे?"

म्हणून आज हे पत्र.

भाजलेली माती पुन्हा माती होत नाही. तेव्हा तोच तळ तुला आणून देणं माझ्या हातात नाही. पण नवीन बसवता येतो. आमच्या टेकडीमागे पिवळी चिकणमाती आहे. भांड्यांना नालायक, पण पाणी हलू देत नाही. मी खळगा करून, पाणी भरून, आठ दिवस बघितलंय. फेब्रुवारीत शेत रिकामं असेल तेव्हा मी आणि फुजिए येतो. खड्ड्याची जागा उघडतो, वीतभर थर घालतो आणि पायांनी तुडवून देतो. माती तुडवण्यापलीकडे मला जन्मात फारसं काही आलेलं नाही, पण ते येतं.

तू नुसतं हो म्हण. नाहीतर शिव्या दे. काहीतरी दे.

तामेझो


उशिरोदानी,
१३ डिसेंबर १९८३

ताई,

तुझं उत्तर नाही, पण काल तुझ्या सासूबाईंचा फोन आला. मला आधी कोण बोलतंय तेच कळेना. नाव न सांगताच त्यांनी सुरुवात केली. "तामेझो, घुशींना तुझ्यापेक्षा लाज असते." आणि ठेवून दिला. मी फोनपाशीच उभा होतो, तेवढ्यात पुन्हा वाजला. "फेब्रुवारीत ये. या खेपेला मी स्वतः बांधावर बसणार आहे." पुन्हा ठेवला.

त्यांना आता अक्षर दिसत नाही हे मला माहीत आहे. म्हणजे पत्र तू त्यांना वाचून दाखवलंस. सगळं वाचलंस की मधलं गाळलंस, ते तुझं तू जाण. पण वाचलंस. काल मी दोन वाट्या भात जास्त जेवलो.

परवा सभागृहात कुसाकाबाईंनी आपला अहवाल वाचला. एकवीस खुणांबद्दल फार छान बोलल्या. आपल्या घराची दोन रेघांची खूण चारशे वर्षं जुनी आहे, हे ऐकून मला उगाच ताठ बसावंसं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "गट क. अर्वाचीन, १९६८. माती: भातशेताचा तळ. माहिती: तामेझो, वय पंचावन्न." सगळा गाव हसला. मागून कुणीतरी ओरडलं, वाळीत टाका रे याला. मीही हसलो. सतरा वर्षं जे मला आतून खात होतं त्यावर माणसं हसतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. घरी येताना पाय हलके वाटत होते.

तरी तू गप्प का, हे मला समजत नाही. तुझा राग मला माहीत आहे, तो असा मुका नसतो.

दहा जानेवारीला भट्टी पेटवतोय. मग तेरा-चौदा दिवस मला तिच्या तोंडापासून हलता यायचं नाही. लिहायचं असेल तर त्याआधी लिही.

तामेझो


उशिरोदानी,
२४ जानेवारी १९८४

ताई,

काल आग थांबवली आणि भट्टीचं तोंड लिंपून टाकलं. आता सहा दिवस तिला निवू द्यायचं. हात मोकळे झाले, म्हणून बसलो.

सतरा तारखेला सकाळी तू आलीस आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. त्यावर तू काय समजलीस कोण जाणे. आठवा दिवस होता, आग चढणीला लागलेली, दर तीन-चार मिनिटांनी लाकूड द्यावं लागत होतं. तू हातातलं गाठोडं ठेवलंस, डोक्याला पंचा बांधलास आणि मला ओंडके द्यायला लागलीस. बाबा तुला तेवढंच करू द्यायचे, लाकूड हातात द्यायचं, आत टाकायचं नाही. तासभर आपण तसेच. फुजिए चहा ठेवून गेली, तो निवला.

मग तू आगीकडे बघत बोललीस. मी ते मला ऐकू आलं तसं लिहितो, चुकलं तर सांग.

"मी बांधावर नव्हते असं तू लिहिलंस. होते मी तिथेच. पेंढ्याच्या गंजीमागे उन्हाला बसले आणि मला झोप लागली. मामंजींनी मला बसवलं होतं, तळ नीट जातोय ना ते बघायला. संध्याकाळी त्यांनी विचारलं, तळ गेला? मी म्हटलं, हो, मी पाहिला जाताना."

आणि मग एकेक करत बाकीचं. सतरा वर्षं तू हेच धरून बसली होतीस, की तू झोपलीस आणि तेवढ्यात मजुरांनी थर खालीवर केले. शेत तुझ्या झोपेने गेलं आणि बोल मात्र तुझ्या माहेराला लागला. बाबांना लागला, मला लागला. सासूबाई टोमणे मारायच्या तेव्हा तू मान खाली घालायचीस, कारण तुला ते खरेच वाटायचे. माझा फोन आला की तुला वाटायचं, हा आता विचारणार, ताई, तू तर बघायला बसली होतीस ना? म्हणून ठेवून द्यायचीस. मला वाटायचं तू रागाने ठेवतेस, आणि तू ठेवत होतीस भीतीने. एकाच आईची लेकरं आपण. दोघं एकमेकांना तोंड चुकवत सतरा वर्षं सहा किलोमीटरवर राहिलो.

"म्हणजे माझ्या झोपेने नाही गेलं शेत," तू म्हणालीस. आणि लाकडांच्या राशीवर बसून रडलीस. आधी रडलीस, मग हसायला लागलीस, मग पुन्हा रडलीस. तुझा चेहरा मला लग्नाआधीच्या इकुएसारखा दिसला. एवढा मोठा दगड तुझ्या छातीवर होता, आणि तो तिथे आहे हे कुणाला माहीतही नव्हतं.

मी गप्प राहिलो. तुला वाटलं, आगीमुळे. आगीमुळे नाही.

ताई, तू झोपली होतीस हे मला माहीत होतं.

पत्रात मी लिहिलं की तू बांधावर नव्हतीस. खोटं नाही, पण खरं लपवण्याचीच ती रीत होती. मी पेंढा आणायला गंजीपाशी आलो आणि तुला पाहिलं. तोंड उघडं, केसांत काड्या. पहिल्यांदा वाटलं, दमली बिचारी. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, आता बघणारं कुणी नाही. तू जागी असतीस तर मी तळाला हात लावला नसता. तुझी झोप पाहूनच मी गाड्या वळवल्या. आणि संध्याकाळी तू मामंजींना 'मी पाहिला' म्हणालीस, तेव्हा मी मागेच फावडं धूत होतो. ऐकलं मी. तू का तसं म्हणालीस हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला आनंद झाला, ताई. चोरी झाकायला साक्षीदार मिळाला म्हणून.

मी एका वाक्यात तुला सोडवू शकलो असतो. त्या दिवशी, पुढच्या वर्षी, भाऊजी गेले तेव्हा, कधीही. तू इतकी हलकी होऊन परत गेलीस, आणि मी अजून एवढं अर्धं पोटात ठेवून होतो. भट्टीपुढचे शेवटचे सहा दिवस मला त्याचेच चटके बसत होते.

आता राग धर. मी त्याला लायक आहे. पण माझ्यावर धर. स्वतःला पुन्हा कधी त्यात ओढू नकोस.

तामेझो


१९ फेब्रुवारी

ताई,

ही चिठ्ठी सासूबाईंच्या हाती ठेवून जातोय. उद्या पाऊस सांगितलाय, तुडवणं बंद. परवा येऊ.

चार दिवस तू शेताकडे फिरकली नाहीस. सासूबाई बांधावर गोधडी पांघरून बसायच्या आणि आम्हाला हुकूम सोडायच्या, तू कुठे आहेस ते ना मी विचारलं, ना त्यांनी सांगितलं. आज आलीस ती गमबूट घालून. माझ्याशी न बोलता खाली उतरलीस. फुजिए म्हणाली, वन्सं, बूट काढा, खडा पायाला लागतो, बुटाला लागत नाही. तशी बूट काढून त्या गारठ्यात तिच्या शेजारी उभी राहून तुडवायला लागलीस. दुपारपर्यंत खाली मान. मग एक चांगला मोठा गोळा केलास आणि नेम धरून माझ्या पाठीत हाणलास. सासूबाई म्हणाल्या, "आणखी एक." तोही हाणलास.

पाठ अजून दुखतेय. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आमचा डबा तुमच्याकडे राहिलाय. त्यात मुळ्याचं लोणचं आहे, खाऊन टाका.

तामेझो


उशिरोदानी,
१२ जून १९८४

ताई,

तुझ्या चिझुरूला मुलगी झाल्याचं कळलं. फुजिए दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटलीये, ओसाकाला तिचीच लेक बाळंत झाल्यासारखी. बाळबाळंतिणीची काळजी घे. इकडची करू नकोस, मी सगळं पाहतोय. तू निघताना तीनदा बजावलंस की पाण्याचं काय होतं ते लगेच कळव, फोनवर नको, नीट लिहून कळव. लिहून कळवतोय.

नऊ तारखेला सकाळी पाट उघडला. दुपारपर्यंत शेत भरलं. सासूबाईंनी खड्ड्याच्या जागी मधोमध एक बांबूची काठी रोवून घेतली होती आणि पाण्याच्या रेषेवर कोळशाने खूण करवली. मग पाट बंद. स्टूल मागवून त्या बांधावर बसल्या. सून नाही, घरात काम पडलंय म्हटलं तर म्हणाल्या, काम कुठे जात नाही, पाणी जातं.

दुसऱ्या दिवशी पाणी बोटभर उतरलेलं. तिथेच मनात पुढच्या हिवाळ्याचे बेत सुरू केले, दुसरी माती कुठून आणायची, किती खोल जायचं. सासूबाई म्हणाल्या, "कोरडी जमीन आधी स्वतः पिते, मग धरते. कुंभाराला कोण सांगणार." आणखी थोडं पाणी घेतलं, नवी खूण केली. काल बघितलं तर अर्धं बोट. आता ते उन्हाने का तळाने, हे कळेना. घरी येऊन मी फुजिएवर विनाकारण खेकसलो. तिने मला ओट्यावरच जेवायला वाढलं.

आज सकाळी सहाला सायकल काढली. सासूबाई माझ्या आधी येऊन बसलेल्या. त्यांनी काठीकडे बोट केलं. मी पँट दुमडून आत गेलो. कोळशाची रेघ आणि पाणी एका पातळीत. मी वाकून बघितलं, मग दुसऱ्या बाजूने वाकून बघितलं. काठीच्या बुडाशी हात घालून थांबलो, कुठे ओढ लागते का म्हणून. नाही लागली. बाजूच्या लोकांच्या शेतांत जसं पाणी उभं असतं तसंच तुमच्याही शेतात उभं होतं, काही विशेष नसल्यासारखं.

मी बाहेर आलो आणि बांधावर बसलो. रडलो, ताई. लाज वाटली नाही. सासूबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं, ही त्यांची माझ्यावर मोठीच कृपा, एरवी जन्मभर ऐकवलं असतं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "इकुएला कळव. म्हणावं, तिचं शेत पाणी धरतंय. सतराला लावणी आहे, तोवर ये."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विचारलं, कुणाचं शेत?

"भट्टीपुढे बसून कान पण भाजले का तुझे? तिचं. आणखी कुणाचं?"

त्यानंतर हातातल्या काठीने बांधावरचं गवत ढोसत राहिल्या. मग म्हणाल्या, "सतरा वर्षं मी त्या पोरीला नाही नाही ते बोलले. आली की तिचा हात धरून सांगणार आहे. पण हे तू लिहायचं नाहीस, ऐकलंस? मी सांगणार."

मी हो म्हटलं. आणि बघ, लिहिलं. तेव्हा त्या सांगतील त्या वेळी काहीच माहीत नसल्यासारखी बस, आणि पहिल्यांदाच ऐकतेयस असं ऐक.

तुझा,
तामेझो